दायित्व मान्य न करता तीस लाख डॉलर कसे द्यावेत

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहराचा कारभार तुमच्याकडे आहे आणि तुमच्या पोलिसांनी अटक करताना कुणाचा तरी हात मोडलाय. घाबरू नका. ‘पोलिसांनी हात मोडला’ असं मात्र चुकूनही बोलू नका. ‘अटकेदरम्यान दुखापत झाली’ म्हणा. अकर्मक क्रियापदाची हीच तर सोय आहे: दुखापत आपली आपणच होते, कुणी करावी लागत नाही.

कोलोरॅडोतल्या लव्हलंडची चूक गिरवू नका. २६ जून २०२० रोजी तिथे ७३ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या बाईंना पकडलं. वॉलमार्टमधल्या १३ डॉलर ८८ सेंटांच्या वस्तू त्यांनी पैसे न देता उचलल्या होत्या, आणि दुकानानं त्या लगेच परतही घेतल्या होत्या. बाई रानफुलं तोडत घरी निघालेल्या. खांदा निखळला, हाड मोडलं. इथवर सगळं रीतसर. मग पोलीस ठाण्यात बसून बॉडीकॅमचं चित्रण बघत हसले, खांद्याचा ‘पॉप’ आवाज कधी येतो याची वाट बघत! आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्यानं हेसुद्धा आवाजासकट टिपलं. तेव्हा ठाण्यात कॅमेरा लावायचाच असेल तर मुका लावा. एप्रिल २०२१ मध्ये दावा, सप्टेंबरात ३० लाखांची तडजोड. पाच महिन्यांत! एवढी घाई कशाला?

संयम शिकायचा तर अलाबामातल्या मॅडिसनकडून. फेब्रुवारी २०१५ मध्ये नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला निघाले. शेजाऱ्याला संशय आला, पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येईना. एका पोलिसानं पायात पाय घालून त्यांना जमिनीवर आपटलं. मान दुखावली, अंशतः पक्षाघात. पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, मग न्यायाधीशांनी सोडलं; तो नोकरीवरही परतला. १७.५ लाख डॉलरची तडजोड उजाडली २०२१ मध्ये.

सहा वर्षं खायची कशी? ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ मागा, म्हणजे भरपाईच्या दाव्यापासून पोलिसाला मिळणारी ढाल. त्यासाठी विचारायचं, हुबेहूब अशाच पद्धतीनं, अशाच माणसाला आपटणं बेकायदा आहे, असा आधीचा निकाल दाखवा. कोर्टानं नकार दिला तर उत्तमच, खटला उभा राहण्याआधीच अपील करता येतं. मॅडिसनच्या पोलिसाचं अपील मे २०२० मध्ये फेटाळलं गेलं, पण तोवर पाच वर्षं गेलेली. (कोलोरॅडोनं २०२० मध्ये राज्याच्या कायद्याखालच्या दाव्यांत ही ढाल काढून घेतली. पोलीस सद्भावनेनं वागला नाही असं ठरलं तर त्याच्या खिशातून ५ टक्के किंवा २५ हजार डॉलर, जे कमी असेल ते. बिचारा.)

तरी मिटवाच. ज्युरीनं किरकोळ रक्कम दिली तरी समोरच्या वकिलाची फी बहुधा तुमच्याच गळ्यात पडते. त्यावर उतारा म्हणजे संघराज्य न्यायालयांच्या दिवाणी प्रक्रियेतला नियम ६८: ठरावीक रकमेचा लेखी देकार द्या, १४ दिवस थांबा. नाकारला आणि निकालात जास्त मिळालं नाही, तर देकारानंतरची फी बुडाली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पोलिसांवरच्या दाव्यातच मान्य केलंय.

करारात ‘दायित्व मान्य नाही’ हे कलम हवंच. गप्प बसण्याचं कलम मात्र जपून. बाल्टिमोरनं पोलिसांवर दावा लावलेल्या एका बाईंशी ६३ हजार डॉलरची तडजोड केली आणि त्यांनी ऑनलाइन प्रतिक्रिया लिहिल्या म्हणून निम्मे कापले. २०१९ मध्ये अपील कोर्टानं ते कलम कुचकामी ठरवलं.

पैसे पोलीस खात्याच्या बजेटमधून काढू नका, त्यांचा हिरमोड होतो. विमा आहे, सर्वसाधारण निधी आहे. शिकागोनं तर कर्जरोखे काढले. हाडं जुळली तरी व्याज चालू. चर्चा बंद दाराआड करा आणि मतदान एकगठ्ठा मंजुरीच्या यादीत, पंपखरेदी आणि झाडछाटणी यांच्या मधोमध.

एकच कटकट उरते. जखमी माणूस पासष्टीपुढचा असेल तर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, उपचारांचा खर्च तडजोडीतून वसूल करतं, आणि पैसे देणाऱ्या विमा कंपनीला त्यांच्याकडे नोंद करावी लागते: घटनेची तारीख आणि दुखापतीचा निदान-संकेतांक. कुठलं हाड, डावं की उजवं, तेही त्या संकेतांकात असतं. तिथे ‘अटकेदरम्यान दुखापत झाली’ लिहायला रकाना नाही.