माझी पन्नाशी आणि तो मेसेज

निपाणीच्या नणंदेकडून सासूबाईंच्या फोनवर एक मेसेज आला. 'आजारी लेकरांच्या आईबापांनो, जागे व्हा', खाली चार कलमं. माझ्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार. मेसेज वाचून सासूबाई म्हणाल्या, "यंदा तुझ्या पन्नाशीची ओवाळणी राहू दे." त्यांच्यावर राग नाही. पण हाच मेसेज बेळगाव-खानापूरच्या कितीतरी ग्रुपांवर फिरतोय, म्हणून उत्तर देते.

'लेकराचं आयुष्य थोडं असताना स्वतःचं वाढतं वय साजरं करणं पाप.' हे लिहिणाऱ्याने असं मूल कधी उचललंय का? सोळा वर्षांच्या मुलाला पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना आधी त्याचे पाय खाली सोडायचे, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवायचं, पाठीमागून दोन्ही हात गुंफायचे आणि गुडघ्यांत जोर आणून उठायचं. रात्री त्याला कूस बदलता येत नाही. तो हाक मारतो, मी उठते. पन्नाशीतही ही कंबर साथ देते याचा आनंद मी का लपवावा? आजार कळला तेव्हा मी चाळिशीच्या उंबऱ्यावर होते आणि पुढचं वर्षसुद्धा डोळ्यांसमोर येत नव्हतं. ती सगळी वर्षं मी त्याच्यासोबत काढली. माझा एकेक केस त्याच्या देखत पिकलाय. "साठीला तू थेट आजीसारखी दिसणार," असं तो मला सांगतो आणि खुशाल हसतो. आपली आई म्हातारी होताना बघायचा त्यालाही हक्क आहे. पूर्वी ही मुलं बहुधा विशीच्या आत जायची. आता रात्री श्वासाला मदत करणारं मशीन आणि हृदयाची औषधं यांच्या जोरावर अनेकजण तिशीपर्यंत पोचतात. म्हणजे उचलणारे हातही तितकी वर्षं धड राहायला हवेत.

'हा आईच्या कुळाचा दोष.' यातलं अर्धं मान्य करावंच लागतं. बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बऱ्याचदा आईकडून येतं. पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये तो बदल नव्यानेच झालेला असतो. आणि आईकडून आलं म्हणून आई अपराधी कशी होते?

'पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.' साफ खोटं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजाराचा त्रास हलका करणारी सेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मुलांची ही सेवा आजाराचं निदान झाल्या दिवसापासून सुरू होते आणि मूळ उपचार चालू असले तरी सोबत चालते. त्यात मुलाचं शरीर, मन आणि कुटुंबाला आधार हे सगळं येतं. माझी झोप, माझी पाठ हीसुद्धा त्यातच आली.

आता चौथं कलम, ज्याने माझं डोकं फिरलं. 'स्टेरॉइडच्या गोळ्या आजच बंद करा, हे तेल चोळा, तीन महिन्यांत मूल चालेल.' सोबत गोळ्यांनी चेहरा गोल झालेल्या एका मुलाचा फोटो. चेहरा सुजतो, वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, वयात येणं लांबतं, हे खरं आहे. माझ्या घरात मी ते रोज बघते. पण याच गोळ्यांमुळे मुलं जास्त वर्षं चालतात आणि श्वासाची ताकद टिकते. मालिशने पायांना बरं वाटतं, मीही करते. या मुलांच्या शरीरात न बनणारं, स्नायू टिकवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन मात्र तेलाने तयार होत नाही. नुसतं बघून ठरवायचं तर लहानपणी माझ्या मुलाच्या भरदार पोटऱ्या बघून गल्लीतले लोक 'तालमीत घाला, पैलवान होईल' म्हणायचे. त्या पोटऱ्यांत तेव्हा स्नायूंची जागा चरबी घेत होती.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीरात स्टेरॉइडसारखं स्वतःचं संप्रेरक (हॉर्मोन) बनवायचं काम मंदावलेलं असतं. गोळी एकदम थांबवली की उलट्या, गळून जाणं, रक्तदाब घसरणं सुरू होतं, जिवावरही बेततं. डोस कमी करायचा तर डॉक्टरच पायरीपायरीने करतात. हा मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर आत्ताच्या आत्ता आपल्या डॉक्टरांना फोन लावा, आणि मुलगा सुस्त वाटत असेल तर फोनवर न थांबता थेट दवाखान्यात न्या.