पपईनं मटण शिजतं, म्हणून नसा उघडत नाहीत

आमच्या चोपड्यात सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'कच्च्या पपईचा तुकडा टाकला की मटण लोण्यासारखं शिजतं, तशीच एन्झाइमची गोळी नसांतला कचरा विरघळवते. नॅटोकायनेज, सेराटिओपेप्टिडेज रोज घ्या. ब्लॉकेज उघडेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुटतील. नैसर्गिक आहे, अपाय नाही.'

मी औषधाच्या दुकानात बसतो. गेल्या आठवड्यात एक आजी हाच मेसेज दाखवत काउंटरशी आल्या. "भाऊ, हाई गोयी बंद करू का मी?" दुसऱ्या हातात वॉरफरिनची, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पट्टी. हृदयाची झडप बदललेली.

आधी पपईचं बोलू. तिच्या चिकात पपेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते प्रथिनं तोडतं, हे खरंच आहे. शहाद्याकडच्या बागांत पपई तोडणाऱ्यांना विचारा, चिक लागला की कातडी कशी सोलवटते. पण पातेल्यात पपई मटणाला थेट भिडते. गोळी जाते पोटात. एन्झाइम हेही प्रथिनच. डाळीतल्या प्रथिनासारखं तेही बरंचसं पचून जातं. जे थोडंफार रक्तात पोचेल, त्याला रक्तातलीच काही प्रथिनं धरून निकामी करतात. बरंच आहे ते, कारण रक्तवाहिनीची भिंतही प्रथिनांचीच. पातेल्यातलं काम नसांत सुरू झालं, तर पहिली भिंतच जाईल.

ब्लॉकेज म्हणजे नळात अडकलेला गाळ नव्हे. चरबी, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम हे भिंतीच्या आत साचतं. नॅटोकायनेज तोडतं ते फायब्रिन, म्हणजे गोठलेल्या रक्तातले धागे. अमेरिकेत २६५ जणांना सुमारे ३ वर्षं नॅटोकायनेज किंवा औषध नसलेली नकली गोळी देऊन पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला : मानेच्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याच्या वेगात दोन्ही गटांत फरक नाही.

सेराटिओपेप्टिडेज तर सुजेसाठीचं औषध. जपानमध्येच ते निघालं आणि तिथेच २०११ मध्ये कंपनीनं बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचण्यांत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

'रक्ताची गाठ विरघळवणारं एन्झाइम डॉक्टरही देतात' असं कुणी म्हणेल. देतात. स्ट्रेप्टोकायनेज. हार्ट अटॅकनंतर पहिल्या काही तासांत, थेट शिरेतून, १५ लाख युनिट तासाभरात, मॉनिटर लावून. कारण मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते.

आणि 'अपाय नाही' हे तर सगळ्यात घातक वाक्य. काही छोट्या अभ्यासांत नॅटोकायनेजनं रक्त गोठण्याच्या चाचण्यांत थोडा फरक पडलेला दिसतो. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ते धोक्याचं. ॲस्पिरिनसोबत घेणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. झडप बदललेल्या दुसऱ्यानं वॉरफरिन सोडून हे धरलं, तर झडपेवर गाठ झाली. दोन्ही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पूरक आहार म्हणून विकली जाणारी डबी उलटी करून पाहा : 'औषधी वापरासाठी नाही' हे इंग्रजीत छापणं तिच्यावर बंधनकारक आहे.

आजींना बसवलं, पाणी दिलं, फाइल उघडली. शेवटची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, चार महिन्यांपूर्वीची. त्यांच्या मुलाला फोन लावला आणि त्याच दुपारी तपासणीसाठी रक्त द्यायला आजींना पाठवलं. वॉरफरिनची पट्टी त्यांच्या पिशवीत मी स्वतः ठेवली.