डुप्लिकेट वाचक

मी विद्यापीठाचा माणूस आहे, हे सिद्ध करणारी चार ओळखपत्रे मी पाकिटात बाळगतो. पहिले मी ज्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो तेथले. त्यावरील छायाचित्रात माझ्या डोक्यावर केस आहेत. दुसरे संशोधन केंद्राचे, कारण पंचेचाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी.ला नाव नोंदवण्याची बुद्धी झाली. त्यावरील छायाचित्रात केस नाहीत. तिसरे आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे. चौथे परीक्षेच्या भरारी पथकात असताना मिळाले होते. त्याची मुदत सात वर्षांपूर्वीच संपली, पण लॅमिनेशन इतके उत्तम आहे की टाकून देववत नाही. ही चारही पत्रे पत्त्यांसारखी पसरून दाखवली, तरी दुसऱ्या एखाद्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयाचे दार वीतभरही उघडत नाही, हे ज्ञान मला गेल्या उन्हाळ्यात झाले.

माझ्या प्रबंधाचा विषय आहे एस.टी. येण्यापूर्वी सातारा जिल्ह्यात धावणाऱ्या खाजगी सर्व्हिस मोटारी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली, हे स्पर्धा परीक्षेला बसणारे प्रत्येक पोर घोकून ठेवते. पण त्याआधी घाटवाटांतून धूर काढत जाणाऱ्या, आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाल्यावर मागे कोळशाची भट्टी बांधून चालवलेल्या मोटारींकडे फारसे कोणी पाहत नाही. धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीची पाहणी करून १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. ती मी वाचून वाचून झिजवली होती. आता मला हवा होता त्याच सुमाराच्या एका सरकारी अहवालाच्या शेवटी जोडलेला रस्त्यांचा नकाशा.

अहवालाची स्कॅन केलेली प्रत मला घरबसल्या मिळाली, आणि तेथेच माझ्या हालांची सुरुवात झाली. मजकुराची सगळी पाने लख्ख होती. एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही रेषान्‌रेषा दिसावी इतका स्वच्छ आला होता. मात्र नकाशा घडीचा असल्यामुळे त्या अंगठ्याच्या मालकाने तो उलगडण्याची तसदी घेतली नव्हती. पडद्यावर दिसत होती ती एक चौकोनी घडी, आणि तिच्या कडेला कऱ्हाडच्या इंग्रजी स्पेलिंगातील पहिली दोन अक्षरे. पीएच.डी.साठी दोन अक्षरे पुरत नाहीत, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत पडले.

वास्तविक आपण ज्ञानाच्या सुकाळात राहतो. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. परिणामी नॉर्वेतील माशांना होणाऱ्या त्वचारोगांवरचा ताज्यातला ताजा लेख मी विद्यापीठाच्या आवारात बसून चहा थंड होण्याच्या आत वाचू शकतो. परंतु कुंभार्ली घाटातून मोटारी कोणत्या वाटेने जात, हे दाखवणारा दोन फूट कागद पाहायचा, तर त्या कागदाकडे स्वतः चालत जावे लागते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने देशभरातील विद्यापीठांच्या ग्रंथसंग्रहांची एक सामायिक सूची केली आहे. तिच्यात तो अहवाल सापडला, तेव्हा मी टेबलावर थाप मारली. कोणत्या शहरातील कोणत्या इमारतीत पुस्तक आहे, हे ती सूची अचूक सांगते. इमारतीत शिरायचे कसे, हे सूचीकारांच्या कार्यकक्षेत येत नाही.

प्रथम मी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमकडे गेलो आणि आंतरग्रंथालयीन देवघेव योजनेखाली तो अहवाल मागवता येईल का, असे विचारले. त्यांचा चेहरा असा उजळला की, अनेक वर्षे वापराविना राहिलेल्या पाहुण्यांच्या खोलीची किल्ली कोणीतरी मागावी. त्यांनी कपाटातून या कामासाठी राखलेली नोंदवही काढली. तिच्यातील शेवटची नोंद २००९ सालची होती; पुस्तक परत आल्याच्या रकान्यात फक्त प्रश्नचिन्ह होते. आम्ही तीन प्रतींत अर्ज भरला. सतरा दिवसांनी उत्तर आले की, ‘सदर ग्रंथ दुर्मिळ विभागातील असल्याने ग्रंथालयाबाहेर देता येत नाही, वाचकाने आपल्या संस्थेच्या शिफारसपत्रासह समक्ष यावे.’ मॅडमना या नकाराचा आनंदच झाला. नोंदवहीत सोळा वर्षांनी दुसरी ओळ पडली होती, आणि या खेपेस प्रश्नचिन्हाची गरज नव्हती.

शिफारसपत्र ही दिसायला साधी वस्तू आहे. प्राचार्य म्हणाले की, तुम्ही संशोधक म्हणून जात आहात, तेव्हा पत्र संशोधन केंद्राचे हवे. संशोधन केंद्राचे म्हणणे असे पडले की, पगार जेथे होतो तेथलेच पत्र ग्राह्य धरतात. अखेरीस प्राचार्यांनी मोठ्या मनाने सही करण्याचे मान्य केले, तेव्हा पत्र कोणाच्या नावे लिहायचे हा प्रश्न उभा राहिला. मी ‘मा. ग्रंथपाल’ असे लिहिले होते. कार्यालयीन अधीक्षकांनी ते खोडले आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर ते पद ‘संचालक, ज्ञानस्रोत केंद्र’ झाले असल्याचे माझ्या लक्षात आणून दिले. पत्र पुन्हा टंकले. मग जावक क्रमांक हवा होता. पण जावक नोंदवही ज्या टेबलाच्या खणात होती, त्या खणाची किल्ली घेऊन संबंधित लिपिक मतदार याद्यांच्या कामावर गेले होते. ते परत येईपर्यंत आठ दिवस मी सही आणि शिक्का असलेले, पण क्रमांक नसलेले पत्र घेऊन हिंडत होतो. बारसे न झालेल्या मुलाला शाळेत घालायला निघाल्यासारखी माझी स्थिती झाली होती.

याच दिवसांत इंग्लंडमध्ये शिकत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मी माझी कर्मकहाणी सांगितली, तर ती म्हणाली, “सर, इथे स्कॉनल अ‍ॅक्सेस नावाची सोय आहे.” म्हणजे असे की, योजनेत असलेल्या एका विद्यापीठाच्या माणसाने संगणकावर अर्ज भरायचा, त्याचे स्वतःचे ग्रंथालय तो तपासून होकार कळवते, आणि तो होकाराचा ई-मेल व आपले ओळखपत्र दाखवून दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे. संशोधक असेल तर बहुतेक ठिकाणी पुस्तके घरी नेता येतात, पदवीचे विद्यार्थी असतील तर सहसा तेथेच बसून वाचायचे. मी तिला विचारले, “आणि जावक क्रमांक?” पलीकडे बराच वेळ शांतता होती. तिला वाटले असावे की, रेंज गेली.

अखेर एका सोमवारी पहाटेची एस.टी. पकडून मी त्या शहरात उतरलो. रिक्षावाल्याला मी नव्या कायद्याला अनुसरून “ज्ञानस्रोत केंद्र” असे सांगितले. त्याने मला आरशातून नीट न्याहाळले आणि विचारले, “लायब्ररी म्हणायचंय का?” प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकाच्या वहीत ‘कोणास भेटावयाचे आहे’ असा रकाना होता. मी ‘नकाशास’ असे लिहिले. त्याने ते वाचले आणि नकाशे साहेब मंगळवारी असतात, असे सांगितले.

आत पिशवी काउंटरवर ठेवून बिल्ला घेतला, पाण्याची बाटलीही तेथेच सोडली आणि देवघेव विभागातील साहाय्यकांपुढे शिफारसपत्र ठेवले. त्यांनी जावक क्रमांक पाहिला, दिनांक पाहिला, शिक्का खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग ते म्हणाले, “सर, आपण शिक्षक की विद्यार्थी?”

“दोन्ही,” मी म्हणालो, आणि पहिली दोन ओळखपत्रे पुढे केली.

“दोन्ही चालत नाही. बाहेरच्या शिक्षकांचं शुल्क वेगळं, बाहेरच्या संशोधक विद्यार्थ्यांचं वेगळं. कुठलं तरी एक व्हा.”

आयुष्यात इतका थेट सल्ला मला कोणीही दिला नव्हता. मी विद्यार्थी झालो, कारण ते शंभर रुपयांनी स्वस्त पडत होते. परंतु शुल्क रोख घेण्याची पद्धत बंद झाली होती. समोरच्या कँटीनमध्ये सात रुपयांच्या चहाला क्यूआर कोड चालत होता. ग्रंथालयाचे पैसे मात्र संस्थेच्या पोर्टलवरच भरावे लागत, आणि पोर्टल उघडण्यासाठी पीआरएन क्रमांक लागे, जो त्याच संस्थेच्या विद्यार्थ्याला मिळतो. बाहेरच्या वाचकाने बाहेरचा वाचक म्हणून पैसे भरण्यासाठी आधी आतला असणे आवश्यक होते. साहाय्यक वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी आपणहून सांगितले की, ही अडचण त्यांनी दोन वेळा लेखी कळवली आहे. ते मोठ्या साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेले आणि मी बाकावर बसून राहिलो.

बाकासमोरच्या भिंतीवर शियाळी रामामृत रंगनाथन यांची तसबीर होती आणि तिच्याखाली त्यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे फ्रेम करून लावली होती: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. चौथ्या सूत्राखाली मी एक तास चाळीस मिनिटे बसलो होतो. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर सुरुवातीला त्यांना हे काम इतके कंटाळवाणे वाटले की, पुन्हा गणित शिकवायला जाऊ द्या, अशी गळ त्यांनी घातली होती. तसबिरीतील त्यांची मुद्रा पाहून मला वाटले, त्यांच्याजवळही तेव्हा जावक क्रमांक नसावा.

सुटका केली ती शेजारी बसलेल्या एम.एस्सी.च्या एका मुलाने. “सर, माझ्या पीआरएनवरून भरतो, तुम्ही मला फोनवर पाठवा,” असे म्हणून त्याने तेथल्या तेथे पोर्टल उघडले. त्याला दिसणाऱ्या यादीत ‘बाहेरील वाचक शुल्क’ हा प्रकारच नव्हता. तेवढीच रक्कम असलेली एकच बाब होती, ती त्याने निवडली. पावती छापून निघाली: ‘डुप्लिकेट ओळखपत्र शुल्क’. म्हणजे त्या संस्थेच्या दप्तरी मी आजही रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातील एका बावीस वर्षांच्या मुलाची दुसरी प्रत आहे. साहाय्यकांनी पावती वाचली, माझ्याकडे पाहिले, त्या मुलाकडे पाहिले आणि “चालेल” असे म्हणून तिला टाचणी लावली. आतापर्यंतच्या कोणत्याही खऱ्या कागदाला इतक्या तत्परतेने टाचणी लागली नव्हती.

मग वर्गांक आणि दाखल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घेऊन एक परिचर, ज्यांना तेथे सगळे मामा म्हणत, तळघरात गेले आणि वीस मिनिटांनी कपड्यात गुंडाळलेला अहवाल घेऊन वर आले. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि नियम सांगितले: शाईचे पेन नाही, शिसपेन्सिल चालेल, मोबाइलने फोटो नाही, झेरॉक्स हवी असल्यास मिळेल. मी शेवटचे पान उघडून घडी दाखवली. मामा म्हणाले, “याची झेरॉक्स व्हायची नाही. आमचं मशीन एवढा मोठा कागद घेत नाही. तुकडे करून काढता येईल, पण दुर्मिळ विभागातलं पुस्तक मशीनवर दाबत नाहीत.” झेरॉक्सची सोय होती आणि झेरॉक्स होणार नव्हती, तोपर्यंत मी इतका मुरलो होतो की, हे मला अगदी सुसंगत वाटले.

सुदैवाने मी बटर पेपर आणला होता. मामांनीच घडी उलगडली. त्यांनी ती एकदम ओढली नाही. आधी घडीच्या चिरेवरून तळहात फिरवून धूळ बाजूला केली, मग एका हाताने शिवण धरून दुसऱ्या हाताने एकेक पदर उलटला, जुनी पैठणी उघडावी तसा. पाचव्या पदराला मधोमध वाळवीचे एक भोक होते आणि ते पडले होते नेमके महाबळेश्वरावर. बाकी सारा जिल्हा शाबूत होता. कऱ्हाडच्या दोन अक्षरांपुढची उरलेली अक्षरे मी तीन महिन्यांनी प्रथमच पाहिली. कऱ्हाडवरून पाटण, पाटणवरून हेळवाक आणि तेथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, अशी मोटारींची वाट लाल रेघेने दाखवली होती. तिला दोन्ही बाजूंनी तुटक रेघा फुटल्या होत्या. कोपऱ्यातल्या खुलाशाप्रमाणे हे फक्त कोरड्या हवेत वापरायचे रस्ते होते.

मी बटर पेपर पसरून शिसपेन्सिल चालवू लागलो. मामा निघून जातील असे वाटले होते, पण ते तेथेच उभे राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून पुसला.

“सर, पाटण कुठं म्हणालात?”

मी बोटाने दाखवले. त्यांनी पाटणवरून आपले बोट हलकेच, कागदाला न टेकवता, पश्चिमेकडे सरकवले, एका तुटक रेघेवर वळवले आणि तिच्या टोकाच्या ठिपक्यावर आणून थांबवले.

“हे आमचं गाव,” ते म्हणाले. “नाव बरोबर लिहिलंय की.”

तोवर शुल्क घेणारे साहाय्यकही उठून आले होते आणि आपली आत्या कोयनेच्या कोणत्या काठाला दिली होती, ते शोधत होते. जेवणाची सुट्टी सुरू झाल्याची घंटा वाजली, पण कोणी जागचे हलले नाही. मी मामांना विचारले की, नकाशात लाल रेघ तुमच्या गावापर्यंत जात नाही, मोटार अलीकडेच थांबत असणार, तर माणसे पुढे कशी जात?

“चालत,” मामा म्हणाले. “अजून तसंच आहे. एस.टी. फाट्यावर सोडते.”

“फाट्यापासून किती लांब?”

“त्यात किती लिहिलंय?”

मी तुटक रेघेशेजारचा बारीक आकडा भिंगातून वाचला आणि सांगितले, “दोन मैल.”

“तेवढंच,” मामा म्हणाले, आणि माझा बटर पेपर सरकू नये म्हणून त्यांनी त्याच्या कोपऱ्यावर आपल्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला.