हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट जास्त : आईंच्या रिपोर्टबद्दल

नमस्कार. आमच्या लॅबला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘आईचं हिमोग्लोबिन 7.4 आणि प्लेटलेट 6 लाख 10 हजार? रक्तच कमी, तर प्लेटलेट वाढतील कशा? मशीन बिघडलंय. वर दोन तास बसवून ठेवलं.’ आकडे तुम्हीच इथे मांडलेत, म्हणून त्यावर उघडपणे बोलतो.

रिपोर्ट बरोबर आहे. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी; त्यांची नेहमीची पातळी साधारण 1.5 ते 4.5 लाख. अंगातलं लोह संपत आलं की हिमोग्लोबिन उतरतं, पण बऱ्याच जणांच्या प्लेटलेट वर चढतात. लाल पेशी आणि प्लेटलेट अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) एकाच मूळ पेशीपासून तयार होतात. लोह कमी पडलं की ती प्लेटलेटच्या बाजूला जास्त वळते. प्लेटलेट म्हटलं की सगळ्यांना डेंग्यूत घसरणारा आकडा आठवतो, म्हणून वाढलेला आकडा विचित्र वाटतो. उलट बी-12 जीवनसत्त्व कमी असेल तर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही घसरू शकतात.

दोन तास लागले ते स्लाइडमुळे. लोहाअभावी लाल पेशी बारीक होतात, मशीन पेशी आकारावरून ओळखतं, आणि अगदी बारीक लाल पेशी प्लेटलेट म्हणून मोजली जाऊ शकते. त्यामुळे असा आकडा आला की त्याच नमुन्याची स्लाइड रंगवून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मगच सही करतात. बाहेर कितीही गर्दी असो, हे आम्ही सोडणार नाही. त्याचे वेगळे पैसेही घेत नाही.

आता आईंचं बघा. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या. फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती आहे ते, तपासायचं का हे विचारा. लोह जातंय कुठे, हे शोधणं सर्वांत महत्त्वाचं : पाळीतला जास्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातला अल्सर. पाळी बंद झालेली असेल तर पोटाची आणि आतड्याची तपासणी अजिबात टाळू नका. आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या, शिलाईला जाणाऱ्या कितीतरी बायका सात-आठ हिमोग्लोबिनवर दिवसभर राबतात, जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करतात, आणि पुन्हा तोच रिपोर्ट घेऊन येतात. ते बघवत नाही. लोह भरून आलं की प्लेटलेट सहसा काही आठवड्यांत खाली येतात; नाही आल्या तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.

स्लाइड आम्ही ठेवली आहे. तुम्हाला किंवा तुमच्या डॉक्टरांना बघायची असेल तर सकाळी या, मॅडम स्वतः दाखवतील.