‘बाप्तिस्मा न घेता गेलेले सगळे आत्ता जळत आहेत’ असे सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

माझ्या मावशीला तिच्या प्रार्थनागटातून व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मजकूर आला. मावशी लग्नानंतर ख्रिस्ती झाली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शेवटच्या श्वासापर्यंत वारकरी राहिले. मजकूर वाचून तिने मला फोन केला आणि विचारले, “दादा आत्ता जळत असतील का गं?” सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा प्रश्न पडावा म्हणून कोणीतरी तो मजकूर लिहिला, आणि वीस-पंचवीस जणांनी ‘आमेन’ लिहून पुढे पाठवला. तो नंतर वसईतल्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीकडेही पोचला. त्यामुळे उत्तर सगळ्यांसमोर देते आहे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: बायबल अक्षरन् अक्षर निर्दोष आहे, म्हणून सार्वकालिक नरक नाकारणारा बायबलच नाकारतो. दोन हजार वर्षे सगळे ख्रिस्ती यावर एकमत होते, शंका हल्लीच्या उदारमतवाद्यांनी काढल्या. बाप्तिस्मा न घेता मेलेला प्रत्येक माणूस, मग तो आपला बाप का असेना, या क्षणी अग्नीत जळतो आहे. त्याच्यासाठी रडणे म्हणजे देवाच्या न्यायावर अविश्वास दाखवणे. आणि नरकाची भीती काढली तर सुवार्ता सांगायला कोणी उरणार नाही.

मी बाप्तिस्म्याच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण खरी इजा त्यानेच होते. त्याला आधार म्हणून नव्या करारातल्या मत्तय 25 मधले 46 वे वचन दिले आहे, जिथे डावीकडचे लोक सार्वकालिक शिक्षेत जातात. ज्याने हे वचन उचलले त्याने त्याच्या वरची पंधरा वचने वाचली होती का? न्यायासनासमोर सगळी राष्ट्रे उभी आहेत. राजा कोणालाही बाप्तिस्मा कधी घेतला, कोणत्या मंडळीत होतास, कोणता मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) म्हटलास, यातले काहीही विचारत नाही. मी भुकेला होतो तेव्हा खायला दिलेस का, तहानेला होतो तेव्हा पाणी दिलेस का, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो तेव्हा काय केलेस, एवढेच तो बोलतो. उजवीकडचे लोक तर गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिले? आपण कोणाची सेवा केली हे त्यांना ठाऊकच नव्हते.

काही टीकाकार म्हणतात की तिथले ‘माझे बंधू’ म्हणजे फक्त येशूचे शिष्य. तसे धरले तरी प्रश्न अन्नपाण्याचाच राहतो. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी खडी फोडायला आलेल्या परगावच्या मजुरांना घरातल्या कणगीतली ज्वारी दिली होती, हे मावशीला आठवते, कारण त्या वर्षी घरात दोन्ही वेळा चूल पेटत नव्हती. त्याच माणसाला नरकात ढकलायला मत्तय 25 वापरायचा? संपूर्ण नव्या करारात या कामाला यापेक्षा गैरलागू अध्याय सापडणार नाही.

दुसरा आधार लूक 16, श्रीमंत माणूस आणि लाजर. दारात फोडांनी भरलेला भिकारी पडला होता आणि हा रोज मेजवान्या झोडत होता, एवढेच त्या दाखल्यात त्याच्याविषयी सांगितले आहे. त्याच्या अविश्वासाबद्दल किंवा बाप्तिस्म्याबद्दल तिथे एक शब्द नाही. उलट तो अब्राहामाला ‘बापा’ म्हणून हाक मारतो, म्हणजे धर्माने आतलाच आहे.

तिसरा आधार प्रकटीकरण 20, अग्निसरोवर. तो अध्यायच ‘आत्ता, या क्षणी’ या शब्दांच्या विरुद्ध जातो, कारण तिथे मेलेले उठतात, पुस्तके उघडली जातात, ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे न्याय होतो आणि मग अग्निसरोवर येते. जीवनाच्या पुस्तकात कोणाचे नाव आहे हे जाहीर करण्याचा अधिकार ते पुस्तक लिहिणाऱ्या योहानाने कोणत्याही प्रार्थनागटाला दिलेला नाही. आणि ‘बाप्तिस्मा न घेतलेला प्रत्येक जण’ म्हणणाऱ्यांनी लूक 23 उघडावा. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराचा बाप्तिस्मा कोणी केला होता? त्याला त्याच दिवशी सुखलोक कबूल केला गेला.

कॅथलिकांना हा मजकूर पाठवणाऱ्यांनी त्या कॅथलिकांच्या ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण तरी पाहायची होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 मध्ये मान्य केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या प्रमुख दस्तऐवजात, सोळाव्या परिच्छेदात, स्पष्ट म्हटले आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. त्याआधीही बॉस्टनचे फादर लिओनार्ड फीनी ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ हे वाक्य या मजकुराइतक्याच कडक अर्थाने शिकवत होते. रोमने 1949 मध्ये पत्र लिहून तो अर्थ चुकीचा ठरवला. फीनी ऐकेनात, रोमने बोलावूनही गेले नाहीत, तेव्हा 1953 मध्ये त्यांनाच बहिष्कृत केले गेले.

आता रडण्याचा मुद्दा. हे लिहिणाऱ्याचा मला सर्वांत जास्त राग आला. मुलीने बापासाठी रडू नये, असे पवित्र शास्त्राच्या नावाने सांगायचे? अब्राहाम सदोमसाठी देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करतो आणि तोंडावर विचारतो की सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? देव त्याला अविश्वासी म्हणत नाही, प्रत्येक वेळी ऐकून घेतो. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात लिहितो की आपल्या लोकांसाठी आपल्या अंतःकरणात अखंड वेदना आहे, त्यांच्यासाठी आपण स्वतः शापित होऊन ख्रिस्ताला अंतरावे इतपत. येशू यरुशलेम शहराकडे पाहून रडला. अब्राहाम, पौल आणि प्रभू यांचा देवावर विश्वास नव्हता असे या मंडळींना म्हणायचे आहे का?

एकमताचा दावा. इथे एक गोष्ट मला कबूल करावी लागते. बहुमत खरोखर सार्वकालिक शिक्षेच्या बाजूने होते. ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस, कॅल्विन, हे ख्रिस्ती धर्मशास्त्रातले मोठे विचारवंत सगळे त्या बाजूचे. अथनेशियसच्या नावाचा मतांगीकारही दुष्कर्म करणारे सार्वकालिक अग्नीत जातील असेच म्हणतो. आणि मत्तय 25:46 हे वचन पुसून टाकता येत नाही, माझ्यासारखीला ते आजही जड जाते. पण बहुमत वेगळे आणि ‘सगळे ख्रिस्ती’ वेगळे.

याला साक्षीदार खुद्द ऑगस्टीनच. इ. स. 421 च्या सुमारास लिहिलेल्या विश्वास, आशा व प्रीती यांवरच्या छोट्या ग्रंथात, 112 व्या प्रकरणात, तो म्हणतो की कित्येक जण, किंबहुना फार मोठ्या संख्येने लोक, दोषी ठरलेल्यांच्या न संपणाऱ्या यातनांबद्दल हळहळतात आणि तसे होईल यावर विश्वास ठेवत नाहीत. पुढचा भाग तर या मजकुराचा पहिला मुद्दाच निकालात काढतो. हे लोक पवित्र शास्त्राला विरोध करून असे म्हणत नाहीत, तर आपल्या भावनेने कठोर वचनांना मऊ अर्थ देतात, असे तो लिहितो. ऑगस्टीन त्यांच्याशी सहमत नाही, त्यांना चुकीचे ठरवतो. तरी सोळाशे वर्षांपूर्वी असे ख्रिस्ती फार होते आणि ते शास्त्र मानणारे होते, हे त्यांचा सर्वांत मोठा विरोधकच लिहून ठेवतो. ‘हल्लीचे उदारमतवादी’ कुठे राहिले? त्याच्याही आधी चौथ्या शतकातला बिशप, न्यासाचा ग्रेगरी, अखेरीस सगळे देवाशी पुन्हा जोडले जातील अशी आशा शिकवत होता. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत तो बसला होता आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडे तो संत मानला जातो.

प्रोटेस्टंटांसाठी आणखी एक. चर्च ऑफ इंग्लंडची शिकवण ठरवणाऱ्या 1553 च्या 42 कलमांतले शेवटचे कलम सर्वांचे तारण होईल म्हणणाऱ्यांचा निषेध करणारे होते. दहा वर्षांनी कलमे सुधारली तेव्हा ते गाळले गेले. मग 1864 मध्ये हे दोन्ही वाद, बायबलचा अधिकार आणि सार्वकालिक शिक्षा, एकाच खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या सर्वोच्च अपील न्यायासनापुढे आले. हेन्री ब्रिस्टो विल्सन या पाळकांनी दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा छापून व्यक्त केली होती. निकाल लागला की अशी आशा बाळगणे चर्चच्या कलमांविरुद्ध नाही, आणि बायबलचा प्रत्येक भाग देवप्रेरित आहे असे मानण्याची सक्तीही ती कलमे पाळकांवर करत नाहीत. सुमारे 11,000 पाळकांनी सह्या करून निषेध नोंदवला. म्हणजे तेव्हाही दोन बाजू होत्या आणि दोन्ही त्याच चर्चमध्ये उपासना करत राहिल्या. इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट हे नाव तर प्रार्थनागटांत आदराने घेतले जाते. जगभरच्या सुवार्तावादी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी केलेल्या 1974 च्या लोझान कराराच्या मसुद्यामागचे मुख्य हात त्यांचे. 1988 मध्ये त्यांनी लिहिले की दुष्टांचा शेवटी नाश होतो, यातना अनंतकाळ चालत नाहीत, हे मत शास्त्राला धरून असू शकते. ते त्यांनी बायबल बाजूला ठेवून म्हटले नव्हते.

भीतीच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली पेत्राची आणि पौलाची भाषणे वाचा. न्यायाचा दिवस येतो असे ते सांगतात, पण अनंतकाळ जळण्याचा धाक एकाही भाषणात घातलेला नाही. तरी लोक आले. आपल्याकडे नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. हा मजकूर पुढे पाठवणारे येत्या रविवारी उपासनेत त्याच टिळकांची भजने गातील.