सई, साई आणि सही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'सई' या नावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सई म्हणजे सखी ही ओढूनताणून लावलेली व्युत्पत्ती, खरं तर ते 'साई'चं लाडातलं रूप, आणि आपल्या आज्या-पणज्यांत कुणी सई नव्हती, हे मालिकांनी आणलेलं खूळ. शेवटी 'भाचीचं नाव म्हणून एवढं कौतुक' असा टोलाही हाणलाय. टोला मान्य. भाचीचं नाव सई आहे आणि कौतुकही आहे.

आता साईबद्दल. हा शब्द 'स्वामी'चा : स्वामी, सामी, साईं. चांद पाटलाकडच्या वऱ्हाडाबरोबर बाबा शिर्डीला आले, तेव्हा खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी त्यांना 'या साई' म्हटलं, तिथून ते नाव पडलं असं सांगतात. बाबांनी देह ठेवला १९१८ साली. फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई शिवाजी महाराजांची राणी झाली ती १६४० मध्ये. मग ही सई शिर्डीहून कशी येणार?

व्युत्पत्ती तर अजिबात ओढलेली नाही. दोन स्वरांमध्ये अडकलेल्या ख, घ, थ, ध, भ यांचा प्राकृतात 'ह' होतो. १२व्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात तसं सूत्रच आहे. दधिचं दही झालं, बधिरचा बहिरा झाला, तशी सखीची 'सही' झाली. हालाच्या गाथासप्तशतीत बायका मैत्रिणीपाशी मन मोकळं करतात तेव्हा 'सहि' अशीच हाक मारतात, आणि ती महाराष्ट्री प्राकृत आहे, म्हणजे आपल्याच घरातली. पुढे हा 'ह' गळाला. तुम्ही चेष्टेत विचारलंत, 'मग सई म्हणजे सही का नाही?' ती सही अरबीतली, तिचा इथे संबंध नाही. पण उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. आमच्या गावच्या सोसायटीत कर्जाचा कागद पुढे सरकवत सचिव म्हणायचा, "आबा, हितं सई करा." पाहुण्याचा पावणा होतो, नाहीचं नाय होतं, तसाच हाही. फुगडीला जमलेल्या बायका एकमेकींना 'सयांनो' म्हणतात ते काय शिर्डीच्या नावानं? बंगालीतसुद्धा मैत्रिणीला 'सई'च म्हणतात.

आणि आता माझा सगळ्यात आवडता पुरावा, जो मूळ लेखात लिहायचा राहिला. सईबाईंच्या एका लेकीचं नाव सखूबाई. आई सई, लेक सखू! एकाच शब्दाचे दोन अवतार एका घरात : एक झिजून गुळगुळीत झालेला, दुसऱ्यातला ख अजून शाबूत. ही सखूबाई पुढे फलटणच्या निंबाळकरांकडेच दिली, म्हणजे आजोळीच सून म्हणून गेली. नावं ठेवताना कुणी हा विचार केला असेल असं मी म्हणत नाही, पण राजगडावर पद्मावती माचीवर सईबाईंच्या समाधीपाशी उभं राहिलं की मला हटकून हे आठवतं. १६५९ मध्ये त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. 'शिवकाळापासून हे नाव घरोघरी आहे' असं मी लिहिलं, ते चुकलंच. माझ्या वर्गात तीन सुनीता, दोन संगीता आणि एक मी होते. सई एकही नव्हती. सई परांजपे १९३८च्या, म्हणजे नाव होतं, पण घरोघरी नक्कीच नव्हतं. आता जुई, रेवा, इरा यांच्या रांगेत ते आलंय, कारण दोन अक्षरी नावांची हौस आली. ते वाक्य मी आजच काढलंय. पण खूळ म्हणजे नाव खोटं, असं होत नाही हो.

बाकी सईला साई समजणारे तुम्ही पहिले नाही. भाचीला हैदराबादला प्रवेश मिळाला, तेव्हा रोमन लिपीतलं तिचं नाव वाचून तिची खोली मुलांच्या वसतिगृहात लावली होती. तिकडे साई किरण, साई प्रसाद असली मुलांची नावं पैशाला पासरी. आम्ही ट्रंक आणि चकल्यांचा डबा घेऊन दारात उभ्या, आणि वॉचमन यादीवर बोट ठेवून सारखा विचारतोय, "साई किधर है?" ही समोर उभी, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे वैतागून तिनं गॅझेटमधून स्पेलिंग बदललं, 'आय'च्या जागी दोन 'ई' घेतले.

आता तिथल्या मैत्रिणी तिला 'सायी' म्हणतात.