जग बुडायचं तेव्हा बुडेल, आधी पत्र्यावरचे धोंडे काढा

हिंगोली-वसमतकडे जमीन जरा हलली की पाच मिनिटांत आमच्या भावकीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "कुठं कुठं जाणवला?" इथपर्यंत ठीक आहे. थोड्या वेळाने दुसरा येतो. त्यात तुर्कस्तान, म्यानमार, जपान, दिल्ली आणि आमचं वसमत एका माळेत ओवलेलं असतं आणि खाली "कलियुगाचा अंत जवळ आला, दहा जणांना पाठवा". रात्रीपर्यंत नासा हजर. म्हणे आज रात्री घातक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल अंगापासून लांब ठेवा. (हे वाचायला मोबाईल हातातच घ्यावा लागतो, ते सोडा.)

भूकंप खरंच वाढलेत का? ७ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधरा-सोळा होतात. एखाद्या वर्षी दहाच्या आत, एखाद्या वर्षी वीसच्या वर. २०१० साली वीसच्या वर गेले होते, तेव्हाही जग संपलं नाही. वाढली आहेत ती भूकंपमापक यंत्रं. आता दिवसाला पन्नासेक भूकंपांची नोंद होते आणि त्यातला प्रत्येक जण आपल्या खिशात येऊन थरथरतो. पूर्वी चिलीतला भूकंप आमच्या आजोबांना कळायचाच नाही. कळला तरी चार दिवसांनी, शिळ्या पेपरात.

आणि जगबुडी आपल्याला नवी नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत अष्टग्रही झाली, तेव्हा देशभर यज्ञ झाले, जप झाले, लोक घाबरून गावाकडे परतले. आमची आजी सांगायची, "मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून तूप काढलं, अन् पुढं सणाला तूप नाही!" २०१२ च्या डिसेंबरात, २१ तारखेला, माया लोकांचं कॅलेंडर संपणार आणि जगही, अशी आवई होती. तेव्हा वाहिन्यांवर रोज रात्री चर्चा होत्या. २२ तारखेला त्याच वाहिन्यांवर दुसरी चर्चा.

पण घाबरणाऱ्याला हसायची माझी हिंमत नाही. माझी मामी वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या बाजूची. त्या पट्ट्यात कित्येक वर्षांपासून जमिनीतून गुडगुड आवाज येतो, रात्री भांडी वाजतात. पेपरवाले त्याला 'गूढ आवाज' म्हणतात. त्यात गूढ एवढंच की भूकंप छोटा आणि उथळ असला की त्याच्या लाटा कानाला ऐकू येतात. पण अंथरुणाखाली गडगडल्यावर हे शास्त्र सांगणाऱ्याला मामी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा धक्का बसला आणि पाठोपाठ ३.६ चा. जुलैत पुन्हा ४.५. तिकडे डहाणू-तलासरीत तर २०१८ च्या नोव्हेंबरपासून महिनोन् महिने धक्के चालले होते. लोक थंडीत बाहेर झोपले, प्रशासनाने तंबू दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन वर्षांची एक पोर गेली. घर पडून नव्हे, धक्क्यानंतरच्या पळापळीत पडून.

जगबुडीवाल्यांपेक्षा मला धास्ती वाटते ती धीर देणाऱ्यांची. "लहान लहान धक्के बसलेले चांगले, जमिनीतली ताकद निघून जाते, मोठा येत नाही." हे वाक्य शिकलेले लोक छातीठोक बोलतात. हिशोब करून पाहा. तीव्रता एक अंकाने वाढली की ऊर्जा बत्तीस पटीने वाढते. किल्लारीचा ६.२ आणि हिंगोलीचा ४.५ यांत साडेतीनशे पटींचा फरक. एका किल्लारीएवढी ताकद निघायला साडेतीनशे हिंगोल्या लागतील! आणि किल्लारीतही आधी, १९९२ मध्ये, छोटे धक्के बसतच होते. लोक घाबरले, बाहेर झोपले, मग अंगवळणी पडलं आणि घरात आले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन्न, आदल्या दिवशी गणपती विसर्जन. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. छोट्या धक्क्यांनंतर मोठा येईलच असं नाही. येणार नाहीच असंही नाही. तारीख-वेळ सांगणारा जगात कोणी नाही, आणि 'आता काही होत नाही' असा शिक्का मारणाराही नाही.

किल्लारीत आठ-दहा हजार माणसं गेली ती कशाने? माळवदाने. दोन-अडीच फूट जाडीची भिंत. आतून-बाहेरून दगड, मधे गोटे आणि माती, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर लाकडावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती, दरवर्षी आणखी. उन्हाळ्यात थंडगार राहणारं ते घर तीस-चाळीस सेकंदांत झोपलेल्या माणसांवर बसलं. जिथे छत लाकडी खांबांच्या खणांवर उभं होतं तिथे भिंत ढासळूनही छत वर राहिलं, आणि त्याखालची माणसं वाचली.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ चा भूकंप झाला, तोही पहाटे साडेचारला, लोक साखरझोपेत असताना. इमारती कोसळून एकही माणूस मेला नाही. पुढच्या फेब्रुवारीत तिथेच त्याहून लहान, पण शहराला खेटून आणि भरदुपारी. १८५ गेले. त्यातले ११५ एका सहामजली इमारतीत. कलियुग तिथेही तेच चालू होतं. ती एक इमारत बांधणाऱ्यांचं चुकलं होतं.

म्हणून मला 'जग संपणार' ही भीती फार स्वस्त वाटते. जग संपणार असेल तर आपल्याला काहीच करायचं नसतं, मेसेज पुढे ढकलला की झालं. आपलं घर पडू शकतं ही भीती महाग आहे. त्यात गवंडी बोलवावा लागतो, सिमेंट आणावं लागतं, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना धरून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा घालावा लागतो, भावाशी वाटणीवरून बोलावं लागतं. किल्लारीनंतर इतकी वर्षं गेली, तरी आपल्या गावात नवीन खोली बांधताना "पट्टा घातला का?" असं विचारणारा मला अजून भेटायचाय. फरशी कुठली हे सगळे विचारतात.

२०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनाने एक साधं आवाहन केलं होतं: पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. मला वाटतं त्या आठवड्यातली सगळ्यात शहाणी ओळ तीच होती. ती मात्र भावकीच्या ग्रुपवर कोणी टाकली नाही. मी टाकली, त्यावर दोन अंगठे आले. मामीला फोन केला तर म्हणाली, "धोंडे काढले अन् वावधानात पत्रे उडाले तर तू येतोस का धरायला?"

बरोबर आहे तिचं. नुसते धोंडे काढून भागत नाही, पत्रे खालच्या पाइपाला हूक टाकून आवळावे लागतात. तिच्या तीन खोल्या आहेत, एकीचे वासे जुने लाकडाचे. वसमत-औंढ्याकडचा असं काम नीट करणारा फॅब्रिकेटर कोणाच्या ओळखीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर द्या. आणि ती नासावाली पोस्ट कृपा करून मला पाठवू नका.